करंगळी बधिर होतेय, सगळे म्हणतात कार्पल टनल

चार_बोटी_क्लॉ

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो आणि बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, खेळतो. म्हणजे जेवण झाल्यावर दोन मॅच असं नाही, आमची चौघांची टीम आहे, रोज रात्री दहा ते एक स्क्रिम्स म्हणजे दुसऱ्या टीमशी सराव सामने, त्याआधी संध्याकाळी तासभर टीडीएम म्हणजे छोट्या मॅच, रविवारचं तर विचारूच नका. चार बोटांचा क्लॉ, म्हणजे दोन्ही अंगठे आणि शेजारची दोन बोटं स्क्रीनवर, आणि जायरो, म्हणजे फोन हलवून नेम धरायचं, कायम ऑन. सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाली तेव्हा अकरावीत होतो, तिथपासून जुलै २०२१ ला बीजीएमआय येईपर्यंत हाताला जी काय सुट्टी मिळाली तीच, नंतर नाही.

तर दीडेक महिन्यापासून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर होतेय. आधी फक्त स्क्रिम संपल्यावर मुंग्या यायच्या, हात झटकला की गेल्या. आता सकाळी उठतो तेव्हा करंगळी आपली नाहीच असं वाटतं, दाबून बघतो तर दुसऱ्याचं बोट दाबल्यासारखं. आणि परवा सिग्नलला क्लच दाबून उभा होतो, नव्वद सेकंदाचा सिग्नल, पन्नासला आला तेवढ्यात हात थरथरायला लागला आणि गाडी बंद पडली, मागचे हॉर्न मारून मारून वैतागले.

रूममेट म्हणतो कार्पल टनल, म्हणजे मनगटात नस दबलीये. व्हिडिओ बघितले, सगळे कार्पल टनलच म्हणतात. मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणला, दहा दिवस घट्ट बांधून झोपतोय, काडीचा फरक नाही, उलट वाढल्यासारखं वाटतंय. कॉलेजजवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी हात हातात न घेताच बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणि चोळायला जेल दिलं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले मोबाइल फेकून दे, हात आपोआप बरा होईल. यावर पुढे बोलणं शक्य नव्हतं.

थोड्याच दिवसांत क्वालिफायर आहेत. प्रश्न असा की हे खरंच कार्पल टनल आहे का, आणि हे कायमचं राहतं का. खेळणं बंद कर असं सांगणारे घरी आहेत, त्यामुळे प्लीज ते सोडून बोला.

---

मुऱ्हा_म्हैस_कोल्हापूर

लेका, आमच्यात पहाटे चारला उठून आठ म्हशींच्या धारा काढत्यात, त्यांचा हात कधी बधिर झाला न्हाई आणि तुझी करंगळी मोबाइल धरून दमली. ये इकडं चार दिवस, शेण काढाय लावतो, मुंग्या बिंग्या सगळ्या पळून जातील. राग मानू नको, पर बापाचं ऐक.

---

जुना_कॅफेवाला

घ्या, दुसऱ्याच पोस्टला सल्ला आला, धागा जिवंत आहे म्हणायचा.

भावा, मी कार्पल टनलवाला आहे, ऑपरेशन झालेला, त्यामुळे एवढं नक्की सांगतो की तुझी बोटं माझ्या बोटांशी जुळत नाहीत. मला अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं आणि अनामिकेची आतली बाजू. करंगळी शेवटपर्यंत ठणठणीत. रात्री दोन-अडीचला जाग यायची, हात भाजल्यासारखा, मग उठून थर्मामीटर झटकतात तसा हात झटकत हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या. बायको म्हणायची काय भूत झटकतोयस. पुढे कळलं की डॉक्टर लोक हे मुद्दाम विचारतात, रात्री उठून हात झटकता का म्हणून, आणि हो म्हटलं की त्यांचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

माझा इतिहास म्हणजे २००४-०५ डोंबिवली, तळघरातला सायबर कॅफे, काउंटर स्ट्राइक १.६, तासाला वीस रुपये. टेबलं अशी की मनगट बरोब्बर धारेवर यायचं, लाकडाची कड, उठताना मनगटावर आडवी लाल रेघ. ती रेघ आम्ही एकमेकांना मेडल असल्यासारखी दाखवायचो. नंतर नोकरी लागली ती पण माउसचीच. पण सगळं गेमवर ढकलायला नको, कारण तपासण्या केल्या तेव्हा थायरॉइड कमी निघालं आणि ते असलं की कार्पल टनलची शक्यता वाढते हे मला तेव्हा कळलं. शुगरचं पण तसंच. गरोदरपणात पण बऱ्याच बायकांना होतं म्हणे.

मला आधी पट्ट्याने फरक पडला होता, पण तो मनगट सरळ ठेवायला असतो, आवळायला नाही, तू घट्ट बांधतोयस म्हणून विचारतो. मग एक स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं, सहा महिने मजेत गेले आणि परत सुरू. तोपर्यंत अंगठ्याखालचा मांसल भाग बसायला लागला होता, बरणीचं झाकण उघडेना, शर्टाचं वरचं बटण लागेना. ऑपरेशन छोटं असतं, हात तेवढा बधिर करतात, मी डॉक्टरांशी क्रिकेटवर बोलत होतो. झटकायचं त्याच रात्री बंद झालं. तळव्यात दाब आला की दुखायचं ते मात्र तीनेक महिने चाललं आणि अंगठ्याखालचं मांस पूर्ण भरून आलं नाही, आजही डावा-उजवा शेजारी धरले की फरक दिसतो. मी दोन वर्षं आधी गेलो असतो तर ते वाचलं असतं असं डॉक्टर म्हणाले, आता काय.

आणि खेळणं बंद कर म्हणत नाही, पण थांबणं आणि बंद करणं यात फरक आहे. डोटा टू या गेममधला फिअर नावाचा खेळाडू आठवतोय का, क्लिंटन लूमिस. २०१४ च्या इंटरनॅशनलला, म्हणजे डोटाच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, टेनिस एल्बोमुळे खेळला नाही, टीमचा कोच म्हणून बसला. पुढच्या वर्षी परत आला आणि २०१५ चं इंटरनॅशनल त्याच्या टीमने मारलं, ६६ लाख डॉलर. लीग ऑफ लेजंड्समधला हाय लॅम २०१५ ला क्लाउड नाइन टीमच्या लाइनअपमधून बाजूला झाला त्याच्या कारणांत पण मनगटाचं दुखणं होतं. म्हणजे ही दुखणी फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचीच नाहीत.

---

फिजिओ_ताई_नाशिक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसाला दोन-तीन तरी हात असे बघते, हल्ली पोरं जास्त. इथे बसून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण कॅफेवाल्यांनी बोटांचं जे म्हटलं तोच मुद्दा आहे.

कार्पल टनल म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूचा बोगदा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते, मीडियन नर्व्ह. ती दबली की अंगठा ते अनामिकेचा अर्धा भाग बिघडतो. करंगळीचा त्या नसेशी संबंधच नाही. करंगळी आणि अनामिकेची बाहेरची अर्धी बाजू ही अल्नर नर्व्हची, आणि तुला ती नस आधीच माहितेय, कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना, तीच. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेतून जाते, वरून नुसती कातडी. कोपर जितकं वाकेल तितकी ती ताणली जाते आणि तिची जागा अरुंद होते. तुमच्यात मोबाइल छातीजवळ धरून तीन-तीन तास कोपरं वाकवलेली असतात आणि वर ती कुठेतरी टेकवलेली, म्हणजे ताण पण आणि दाब पण.

आता घरी बघण्यासारखं सांगते. करंगळीच्या बाजूने हाताची पाठ, म्हणजे मूठ वळल्यावर करंगळीचं जे टेंगूळ येतं त्याच्या आसपास, तिथे कापसाने स्पर्श करून दोन्ही हात ताडून बघ. पाठीकडे पण बधिर असेल तर गडबड बहुतेक कोपराकडे, कारण त्या भागाची फांदी मनगटाच्या बरीच वर फुटते. पाठ नीट आणि फक्त तळव्याकडची बाजू बधिर असेल तर मनगटाशी करंगळीच्या बाजूला एक दुसरी अरुंद जागा आहे तिथे दाब असू शकतो, सायकलवाल्यांना हँडल दाबून होतं ते. तू पट्टा आवळून बांधतोयस, तो नेमका तिथे बसत असेल तर दुखण्यात भर. तो आज रात्रीपासून काढ. आणि बधिरपणा कोपराच्या खाली हाताच्या आतल्या बाजूनेही वर चढत असेल, मान दुखत असेल, तर मान तपासावी लागते, मानेतली नस दबली तरी करंगळीच धरते.

दुसरं, ताकद. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या कडेत कागद धर, किल्ली धरतो तसा, आणि रूममेटला ओढायला सांग. धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकून चिमटा काढल्यासारखं होतंय का बघ. अंगठा आणि पहिल्या बोटामधला पाठीकडचा फुगीर भाग बसलाय का दोन्ही हात शेजारी ठेवून बघ. खिशात हात घालताना करंगळी बाहेर अडकते का, ते पण. मुंग्या येतात-जातात तोवर वेळ असतो, ताकद कमी व्हायला लागली की वेळ नसतो. तुझ्या क्लचचा किस्सा मला आवडला नाही.

कायमचं राहतं का याचं उत्तर नस किती दबलीये त्यावर. वायरसारखं समज, वरचं आवरण चेपलं तर दाब काढल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत भरून येतं. आतली तार तुटली तर ती परत वाढते पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून पंजा फूटभर लांब, म्हणजे तीनशे मिलिमीटर, तूच भागाकार कर, आणि तोपर्यंत स्नायू वाट बघत बसत नाहीत.

झोपतोस कसा आणि खेळतोस नेमका कसा, खुर्चीत का कॉटवर, ते लिही.

---

दोन_पोरांची_आई

हे वाचताना माझा थोरला शेजारी कंट्रोलर घेऊन बसलाय म्हणून लिहिते. त्याचं दुखणं वेगळं, बधिर नाही, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुखायचं, वळवळ केली की कळ. मी रोज एकच म्हणायचे, खेळून कुणाचा हात दुखतो होय. एक दिवस तो दप्तर उचलताना असा कळवळला की माझं मलाच आठवलं, धाकटी झाली तेव्हा तिला काखेत हात घालून उचलताना मी अगदी तशीच कळवळायचे! तेव्हा ऑर्थोवाल्यांनी अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं होतं, मी किंचाळले होते. पोराला तसंच करायला लावलं, तोही किंचाळला. डी क्वेर्व्हेन म्हणतात त्याला, एका स्विस सर्जनचं नाव, त्याने १८९५ ला लिहून ठेवलंय. म्हणजे गेम नव्हते तेव्हापासून आहे. माझं बाळामुळे, ह्याचं कंट्रोलरच्या त्या फिरणाऱ्या गुंडीमुळे, दोघांना पट्टा एकच, अंगठ्यासकट धरणारा. त्याचं सहा आठवड्यांत गेलं.

एवढंच सांगायचं होतं की तुझ्या बाबांना रागात नको सांगूस, त्यांच्या स्वतःच्या कामात हात दुखलाय तो प्रसंग काढ, मग ऐकतील. मी तसंच ऐकलं.

---

चार_बोटी_क्लॉ

ताई, काकू, कॅफेवाले दादा, खूप आभार, एवढं कुणी विचारलंच नव्हतं.

कापूस नव्हता, टिश्यूने केलं. हाताच्या पाठीवर करंगळीकडे पण बोथट लागतंय, उजव्यापेक्षा नक्की कमी. हाताच्या वरच्या भागात नाही, मनगटाच्या थोडं वर येऊन संपतं. मान दुखत नाही. कागद रूममेटने ओढला, उजव्या हातातला फाटला, डाव्यातला सटकला. अंगठा वाकतो का ते नीट कळलं नाही, रूममेट म्हणतो वाकतो, मी म्हणतो नाही, व्हिडिओ काढून बघितला तर थोडा वाकतो. हे बघून जरा टरकलीये.

कसा खेळतो ते लिहायला लाज वाटतेय. खोलीत एकच खुर्ची आहे आणि ती रूममेटची. मी पालथा झोपून खेळतो, छातीखाली उशी, दोन्ही कोपरं गादीच्या कडेला. गादी पातळ आहे आणि डावीकडे कॉटचा लोखंडी अँगल लागतो. आत्ता लिहिताना हात लावून बघितलं, डाव्या कोपराची आतली बाजू काळपट आणि जाड झालीये आणि तिथे टिचकी मारली की करंगळीत करंट जातो!! आणि झोपतो ते हात उशीखाली पूर्ण दुमडून. अंगठ्याला टाल्कम पावडर लावतो, स्लीव्ह घालतो, फोन गरम होऊ नये म्हणून मागे कूलर लावतो, म्हणजे फोनची एवढी काळजी आणि कोपर लोखंडावर.

---

फिजिओ_ताई_नाशिक

टिचकी मारून मारून बघू नकोस, नसेला तेच नको आहे.

लाज कसली, माझ्याकडे एक सीएची तयारी करणारी मुलगी आली होती, अशीच पालथी पडून पुस्तक वाचायची, गेम नावाला नाही. नसेला बीजीएमआय आणि बॅलन्स शीट यातला फरक कळत नाही, कोपर किती वाकलंय आणि कशावर टेकलंय एवढंच कळतं.

आता हे कर. हाताचे किंवा नसांचे डॉक्टर गाठ, ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजिस्ट, आणि नर्व्ह कंडक्शन टेस्टबद्दल, म्हणजे नसेतून करंट किती वेगाने जातो ते बघतात त्याबद्दल, त्यांनाच विचार, कागदवाली गोष्ट आणि क्लचवाली गोष्ट दोन्ही सांग, व्हिडिओ दाखव. बी-ट्वेल्व्ह कमी असू शकतं, शाकाहारी लोकांत बऱ्याचदा निघतं, पण त्याने मुंग्या येतात त्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात, एका हाताची दीड बोटं निवडून नाही. रात्री जुना टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळून वरून चिकटपट्टी, म्हणजे झोपेत कोपर पूर्ण वाकणार नाही. हात काठीसारखा ताठच हवा असं नाही, थोडा बाक चालतो. फोनवर बोलताना इअरफोन. व्यायाम इंटरनेटवरून उचलू नको, नस सरकवायचे व्यायाम जोरात केले तर नस आणखी चिडते, तपासून घेतल्यावर कुणीतरी समोर बसून शिकवू दे. आणि तपासणी होईपर्यंत स्क्रिम्स नाहीत. हे तू नको म्हणालास तरी सांगणार.

---

जुन्या_अंकांचा_किडा

उशिरा आलो. वैद्यकीय मासिकं चाळायची सवय आहे म्हणून थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

गेममुळे हात जाण्याच्या नोंदी जुन्या आहेत आणि दरवेळी डॉक्टरांना त्याचं बारसं करायचा मोह होतो. १९८१ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स रिस्ट’ आलं. १९९० ला त्याच जर्नलमध्ये निन्टेंडो या गेम कंपनीवरून ‘निन्टेंडिनायटिस’, पस्तीस वर्षांच्या एका बाईंनी मुलाचा व्हिडिओ गेम सलग पाच तास खेळला आणि अंगठा धरला, म्हणजे पोरगं नाही, आई! २००७ ला निन्टेंडोच्याच वी या गेमच्या यंत्रावरून ‘वीआयटिस’, एकोणतीस वर्षांचा माणूस टीव्हीसमोर रिमोट हलवत टेनिस खेळला आणि खांद्याचा स्नायू धरला, खऱ्या कोर्टावर गेला असता तर दोन गेममध्ये दमून घरी आला असता. त्यांच्या मारिओ पार्टी या गेमचं तर वेगळंच, त्यात कंट्रोलरवरची काठी गरागरा फिरवायची असायची, पोरं तळव्याने फिरवायची, कातडी सोलून निघायची, फोड यायचे. २००० साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी समझोता झाला आणि निन्टेंडोने मोफत हातमोजे द्यायचं कबूल केलं. गेमसोबत हातमोजे.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलेली नोंद २०१५ ची आहे. एकोणतीस वर्षांचाच माणूस, फोनवर रंग जुळवायचा गेम सहा ते आठ आठवडे दिवसभर डाव्या हाताने खेळत होता, उजव्याने बाकीची कामं. अंगठ्याची दोरी तुटली आणि तुटेपर्यंत दुखलं नाही! लिहिणाऱ्या डॉक्टरांनी शंका काढली की गेमच्या नादात दुखणं जाणवणं कमी होत असेल का. आता एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पण क्लच दाबेपर्यंत ह्या मुलाला हात गेलाय हे कळलं नव्हतं ते वाचून आठवलं.

दुसरी बाजू पण सांगायला हवी. संगणकामुळे कार्पल टनल होतो हे जितकं सर्रास बोललं जातं तितका पुरावा भक्कम नाही. डेन्मार्कमध्ये जवळजवळ सात हजार लोकांचा मोठा अभ्यास झाला होता, २००३ ला छापून आला, त्यात कीबोर्डचा दोष निघाला नाही, माउस आठवड्याला वीस तासांच्या वर गेला तर थोडा संबंध दिसला. त्यामुळे कॅफेवाल्यांनी थायरॉइडचं प्रामाणिकपणे सांगितलं ते बरं केलं.

आणि मुऱ्हाभाऊ, हाताने धारा काढणाऱ्यांत कार्पल टनल ही नोंदलेली गोष्ट आहे बरं का. मूठ आवळ, सोड, आवळ, सोड, रोज, दोन वेळ, वर्षानुवर्षं. मनगटाला याच्यापेक्षा वाईट काम शोधून सापडायचं नाही.

---

मुऱ्हा_म्हैस_कोल्हापूर

हे वाचून काल रातीला आप्पांना विचारलं, हाताला मुंग्या येत्यात का. म्हणाले येत्यात की, धा वर्सं झाली, वयाचं हाय. विचारलं कुठली बोटं, तर अंगठा धरून तीन. रातीचं उठून बसत्यात आणि हात झटकत्यात, आई म्हणती मला वाटायचं डास मारत्यात. परवा कासंडी हातातनं सुटली ती पण त्यानंच असणार, आम्ही त्यांनाच बोललो, सात लिटर दूध गेलं.

त्या कॅफेवाल्या दादांचं वाचून अंगठ्याखाली दाबून बघितलं, बसलंय. चांगलंच बसलंय.

क्लॉ भावा, पयल्या दिवशीचं मागं घेतो.

---

जुना_कॅफेवाला

मुऱ्हाभाऊ, आप्पांना घेऊन जाच, माझ्यासारखं करू नका. शुगर आणि थायरॉइड दोन्ही बघायला सांगा. आणि ते म्हणतील आता वय झालं, कशाला, तर सांगा की झोप लागेल. मला ऑपरेशनचं सगळ्यात जास्त काय मिळालं तर ती रात्र.

---

चार_बोटी_क्लॉ

बारा दिवसांनी अपडेट.

टेस्ट झाली. हातावर ठिकठिकाणी छोटे छोटे शॉक देतात, बोटं आपोआप उडतात, बघायला मजा येते पण कोपराच्या वरचा शॉक जरा जोरात लागतो. रिपोर्टमध्ये मनगट क्लीन, कोपरापाशी वेग पडलाय. क्युबिटल टनल म्हणतात याला. डॉक्टर म्हणाले स्नायू वाचलेत, आत्ता ऑपरेशनची गरज नाही, तीन महिने टॉवेल, कोपर टेकवणं बंद, फिजिओ, आणि मग परत टेस्ट. ताकद आणखी कमी झाली तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच यायचं. त्यांनी हात हातात घेऊन वीस मिनिटं बघितला, त्यातच अर्धं बरं वाटलं.

गेमबद्दल मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले खेळतोस कसा दाखव. तिथेच तपासणीच्या टेबलावर पालथा झोपून दाखवलं, तर ते नर्सला बोलावून म्हणाले हे बघा.

सहा आठवडे कॉम्पिटिटिव्ह बंद. टीमला सांगितलं, वाटलं होतं शिव्या घालतील, तर आमचा आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये टीमला सूचना देणारा, म्हणाला त्याचा उजवा अंगठा सकाळी खटकन अडकतो, महिना झाला, कुणाला सांगितलं नाही. चौघांपैकी तिघांचं काही ना काही निघालं. क्वालिफायरला सब्स्टिट्यूट खेळला, बाहेर गेलो, त्याचं वाईट वाटतंय ते वाटतंय.

बाबांना काकूंनी सांगितल्यासारखं सांगितलं. ते एसटीत मेकॅनिक होते, पान्याने हात धरायचा ते मला लहानपणापासून आठवतंय, आई रात्री शेकायला मिठाची पुरचुंडी करायची. तो विषय काढला. काही बोलले नाहीत. रविवारी हॉस्टेलला आले, एक खुर्ची घेऊन, जुनी, हात ठेवायच्या जागी त्यांनी स्वतः स्पंज लावून रेक्झिन शिवलंय. गेमचं नाव काढलं नाही, म्हणाले अभ्यासाला आहे.

सकाळी करंगळी अजून बोथटच असते पण उठल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जागी होते, आधी दुपार व्हायची. टॉवेल झोपेत सुटतो त्याला काय करू? चिकटपट्टीने केस उपटतात.

मुऱ्हाभाऊ, आप्पांचं काय झालं?

---

फिजिओ_ताई_नाशिक

जुन्या मोज्याचा पंजा कापून टाक, नळी राहील ती टॉवेलवरून चढव. सैल बघून घे, आवळणारी नको. आयजीएलच्या अंगठ्याला ट्रिगर थंब म्हणतात बहुतेक, त्यालाही दाखवायला सांग.

---

मुऱ्हा_म्हैस_कोल्हापूर

गुरवारचा नंबर लावलाय सीपीआरला, हितल्या सरकारी दवाखान्यात. तवर धारा मी काढतोय. आप्पा बाजूला बसून चुका काढत्यात, आणि धाकली म्हस मला वळखत न्हाई, दोनदा लाथ घातली.